मूठ तिच्या हातातच होती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीची बातमी आपल्या अंकात वाचली. शेवटच्या दोन ओळींत असं होतं की, मर्दानी खेळांची प्रात्यक्षिकं चालू असताना एका मुलीच्या हातातून तलवार निसटली आणि हलगी वाजवणारा मुलगा जखमी झाला. ती मुलगी माझ्याकडे शिकते. आठवीत आहे, चार वर्षं रोज संध्याकाळी तालमीत येते. बातमीत तिचं नाव नाही, पण पेठेत ते सगळ्यांना माहीत झालंय. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तलवार तिच्या हातातून निसटली नव्हती. पातं मुठीपाशी तुटून उडालं. मूठ तिच्या हातातच होती, आणि मी धावत जाऊन तिची बोटं एकेक करून सोडवेपर्यंत तिने ती सोडली नव्हती.

त्या संध्याकाळी आमची मुलं तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथे, उभी होती. हलगी, घुमकं, कैताळ रंगात आलेलं. लाठी झाली, फरी-गदगा (ढाल आणि वेताची काठी) झाला, मग तलवारीचे हात सुरू झाले. तेवढ्यात मंडळाच्या पोरांनी नवी तलवार पुढे केली. फोटोत चांगली दिसेल म्हणून हीच घ्या, असा त्यांचा आग्रह होता. मी ती हातात घेतली, जड वाटली, आणि तरीही मुलीच्या हातात दिली. ही चूक माझी आहे आणि ती मी हलगीवाल्या पोराच्या आईसमोर कबूल केली आहे. तिसऱ्या की चौथ्या फेकीला, म्हणजे तलवार फिरवून टाकलेल्या हाताला, 'टक्' असा आवाज आला. पातं आडवं फिरत गेलं आणि त्या पोराच्या नडगीवर बसलं. सहा टाके पडले. वितभर अंतरावर आणखी दोन लहान मुलं बसली होती, हे मला अजून रात्री आठवतं.

घरी आल्यावर मी ती मूठ दिव्याखाली धरून बघितली. आत पातं नव्हतंच. पात्याच्या मागे करंगळीपेक्षा बारीक सळई वेल्डिंगने चिकटवलेली होती. सळईच्या दुसऱ्या टोकाला आटे पाडून कटोरीवर (मुठीच्या टोकाच्या गोल चकतीवर) नट आवळला होता आणि नटावर पितळी रंग मारला होता. वेल्डिंग जिथे सुटलं तो गोल नीट बघितला, तर निम्मा काळा आणि निम्मा चकचकीत. वडील उद्यमनगरात, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, भट्टीवर काम करायचे, त्यामुळे लहानपणापासून तुटलेलं लोखंड कसं वाचायचं ते मी बघत आले आहे. काळा भाग म्हणजे तिथे धातू कधी जुळलाच नव्हता. चकचकीत भाग त्या संध्याकाळी तुटला. म्हणजे अडीच फुटांचं पातं पहिल्या दिवसापासून निम्म्या करंगळीवर उभं होतं. वर्षभर भिंतीवर असतं तर कुणाला कळलंही नसतं.

मंडळातल्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांनी वर्गणीतून बाराशे रुपये घातले. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं की, 'अस्सल शिवकालीन नमुना, स्टेनलेस, कधी गंजणार नाही'. पात्यावर लाटांची नक्षी होती, म्यानावर लाल मखमल होती, मुठीवर राजमुद्रा होती. विशीतल्या पोराने आणखी काय बघायचं? त्याला काय बघायचं ते सांगणारं कुणी भेटलं नाही, हीच अडचण आहे. आज गावोगावी मर्दानी खेळाचे वर्ग निघालेत, शाळांच्या स्नेहसंमेलनात पोवाड्याबरोबर तलवारी फिरतात, ६ जूनला रायगडावर जाणारे जथे तलवारी घेऊन निघतात. यातल्या कितीतरी तलवारी भिंतीवर लावायच्या आहेत आणि त्या फिरवल्या जात आहेत. म्हणून कमी पैशात टिकणारी तलवार कशी निवडायची, हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहिते.

सुरुवात मुठीपासून करावी, कारण जे बिघडतं ते तिथे आणि दिसत नाही तेही तिथेच. जुनी वाकडी तलवार कशी जोडलेली असते ते फार कमी लोकांना माहीत आहे. तिची मूठ लोखंडाची आणि आतून पोकळ असते. पात्याचाच एक चपटा, निमुळता भाग त्या पोकळीत जातो आणि भोवती तापवलेली लाख भरलेली असते. लाख गार झाली की दगडासारखी धरून ठेवते, शिवाय हादरे थोडे पचवते. आमच्या तालमीतल्या जुन्या तलवारीची मूठ एकदा हलायला लागली होती, तेव्हा आमच्या वस्तादांनी ती गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख भरण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी मूठ हलक्या आचेवर तापवली, जुनी लाख मऊ झाल्यावर पातं बाहेर काढलं, नव्या लाखेत विटेची वस्त्रगाळ पूड मिसळली आणि पातं परत बसवून हाताने सरळ धरून बसले. पूर्ण गार होईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. ती मूठ अजून हललेली नाही. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला एवढंच वाटलं की दागिना आणि हत्यार एकाच वस्तूने जोडता येतात.

आजचे चांगले कारागीर लाखेऐवजी इपॉक्सी वापरतात, काही आरपार रिबीटही मारतात. त्याला माझी हरकत नाही. मुठीत जाणारा भाग पात्याच्याच पोलादातून निघालेला, रुंद आणि पुरेसा लांब हवा. डोळ्याने तो दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याकडे मूठ बसवण्याआधीचा पात्याचा फोटो मागावा. जो खरोखर बनवतो त्याच्याकडे तो असतो, नसला तर पुढच्या पात्याचा काढून देतो. 'असं कुणी विचारत नाही' असं उत्तर आलं की दुकानातून उठावं. कटोरीच्या मध्यभागी नट दिसला तर मी स्वतः ती तलवार फिरवायला घेणार नाही.

मुठीला लोहचुंबक लावून बघावं. चिकटलं तर लोखंड. न चिकटणारी पितळेची मूठ वाईट असते असं नाही, पण बाजारात पितळी मुलामा दिलेल्या जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव मुठी फार आहेत. परजेच्या, म्हणजे मुठीवर हात झाकणाऱ्या भागाच्या, आतल्या बाजूला खिळ्याने ओरखडा काढला की खालचा पांढरा धातू दिसतो. असली मूठ जमिनीवर पडली की फुटते. मात्र हेच चुंबक पात्याला लावून काही कळत नाही, कारण शोभेच्या तलवारींचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. पुष्कळ जण इथेच फसतात.

आता पात्याबद्दल. स्टेनलेस गंजत नाही म्हणून लोक ते मागतात. स्वयंपाकघरातल्या आठ इंची सुरीला ते उत्तम. अडीच फुटी पात्याला लागते ती लवचिकता. वार अडला किंवा हात चुकून फरशीवर आदळला, तर पात्याने वाकून परत सरळ यायला हवं. ते काम स्प्रिंगच्या पोलादाचं. ट्रकच्या कमान-पाट्याला जे पोलाद वापरतात त्याच जातीचं. ईएन ४५ हे नाव उद्यमनगरात कुणालाही विचारा. परदेशी पद्धतीने लिहिणारे १०६५ वगैरे क्रमांक देतात, तेही तलवारीला चालणारं कार्बन पोलाद आहे. डेहराडूनचे तलवारी बनवणारे मोठे कारखाने जगभर माल पाठवतात, त्यांच्या वर्णनात पोलादाचा क्रमांक लिहिलेला असतो. आपल्याकडच्या विक्रेत्यानेही तो सांगावा, यात अवघड काही नाही. गंजू शकणारं पातं बघून घाबरू नका, तेच तुमच्या कामाचं आहे.

पण नुसत्या पोलादाच्या नावावर जाऊ नये. वडील कुठलंही पातं हातात घेतलं की पहिल्यांदा विचारायचे, 'पाणी कुणी दिलंय?' पातं लालभडक तापवून तेलात विझवलं की ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. या दोन्ही गोष्टी नीट झाल्या तरच पात्याला पाणी बसलं म्हणायचं. गावातला लोहार ट्रकचा जुना पाटा ठोकून तलवार करून देतो आणि ती स्वस्त पडते. हात चांगला असेल तर जरूर करून घ्या, मला त्या कामाबद्दल आदर आहे. दोन गोष्टी मात्र त्याला विचारा. पहिली, ठोकताना पाटा लाल झाला म्हणजे त्याचं मूळचं पाणी गेलं, तर परत दिलं का? दुसरी, पाटा जुना आहे का नवा? लाखभर किलोमीटर खड्डे खाल्लेल्या पाट्याच्या आत बारीक भेगा असू शकतात आणि त्या वरून दिसत नाहीत. नवी पट्टी आणून दिली तर खर्च थोडाच वाढतो आणि झोप शांत लागते.

पाणी बसलंय का ते दुकानात बघता येतं. विकणाऱ्यालाच सांगावं की टोक लाकडी फळीवर टेकव आणि पातं वितभर वाकव. सोडल्यावर ते बाणासारखं सरळ यायला हवं. वाकलेलं राहिलं तर मऊ आहे, आणि वाकवायलाच तो तयार नसेल तर त्याचा त्याच्याच मालावर भरवसा नाही. पाठीच्या कडेला कानस एकदा हलकी फिरवावी. लोण्यासारखी शिरली तर पाणी नाही, काचेवरून घसरावी तशी घसरली तर फार कडक, जोर लावल्यावर बारीक कीस निघाला तर बरोबर. शेवटी मूठ सैल धरून पात्यावर मधल्या बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत नाद यावा. खुळखुळ ऐकू आली तर आत काहीतरी सुटं आहे. ज्या लाटांच्या नक्षीवर पोरं भुलली ती मी पॉलिशपेपरने घासून बघितली. चार फटक्यांत गेली. आम्लाने वरवर काढलेली चित्रं होती ती.

वजनाचं सांगते, कारण माझ्या मते अपघाताचं दुसरं कारण तेच. तुटलेली तलवार मी नंतर घरच्या काट्यावर ठेवली. पातं आणि मूठ मिळून १ किलो ७८० ग्रॅम. आमच्या तालमीतली जुनी तलवार ९६० ग्रॅम आहे. लोकांना वाटतं मावळ्यांच्या तलवारी मणभर वजनाच्या होत्या. नव्हत्या. दिवसभर घोड्यावर बसून हात चालवायचा माणूस दोन किलोचं लोखंड बाळगत नाही. वस्तुसंग्रहालयांतल्या वाकड्या तलवारी बहुतेक किलोच्या आगेमागे भरतात. आणि नुसतं वजन नव्हे, ते कुठे आहे तेही बघायचं. जुन्या पात्याची जाडी मी व्हर्नियरने मोजली. मुठीजवळ साडेसहा मिलिमीटर, टोकाच्या चार बोटं अलीकडे अडीच. नव्या पात्याची दोन्हीकडे पाच. पत्रा कापून आणला, आकार दिला, संपलं. अशा पात्याचं वजन पुढे जातं. मुलगी फेक थांबवते तेव्हा मनगटाला आणि त्या वेल्डिंगला दर वेळी हिसका बसतो. वेल्डिंग सुटलं नसतं तर कदाचित तिचं मनगट दुखावलं असतं. विकत घेताना व्हर्नियर नसला तरी पातं बोटावर आडवं तोलून बघावं. मुठीपासून वीतभराच्या आत तोल साधला तर ठीक, अर्ध्या पात्यावर गेला तर सोडून द्यावी.

मूठही हातात धरून बघा, फोटोवर जाऊ नका. जुन्या मुठी आखूड वाटतात. चार बोटं जेमतेम बसतात आणि कटोरी मनगटाला टेकते. पुष्कळ गिऱ्हाईक म्हणतं की मूठ लहान झाली, आणि विक्रेते ती लांब करून देतात. तसं करू नये. त्या कटोरीमुळे मनगट भलतीकडे वळत नाही, आणि वार कोपर-खांद्यातून, ओढत निघतो. वाकड्या पात्याला असाच वार हवा. मी मुलींना सुरुवातीचे सहा महिने एवढंच शिकवते. मूठ लांब आणि कटोरी बशीएवढी केली की शिकलेलं सगळं वाया जातं.

बाकही पाहावा. बाजारातल्या तलवारी मुठीपासूनच कोयत्यासारख्या वळतात, कारण चित्रांत तशा असतात. जुन्या पात्यांचा बाक सौम्य असतो, पहिला हातभर भाग जवळजवळ सरळ जातो आणि मग हळूहळू वळतो. आणि 'शिवकालीन म्हणजे वाकडीच' असंही नाही, हे या निमित्ताने सांगावंसं वाटतं. सरळ पात्याची धोप आणि युरोपीय पात्याची फिरंग मराठ्यांच्या हातात तितकीच होती. कोल्हापुरातून १८७५-७६ च्या सुमाराला इंग्लंडच्या युवराजांना भेट गेलेली आणि आज लंडनच्या राजसंग्रहात असलेली तलवार सरळ, युरोपीय पात्याची आहे. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची जी तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली, तिचंही पातं युरोपीय आणि मूठ मुल्हेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घाटाची आहे. मुलांना प्रतिकृती दाखवताना ती कशाची प्रतिकृती आहे, एवढं तरी खरं सांगावं. घरात आजोबांची खरी जुनी तलवार असेल तर ती मात्र मैदानात आणू नये. तिची जागा देव्हाऱ्याजवळ किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदाही लागू होतो.

अपघातानंतर पालकांनी पैसे काढले आणि आम्ही एकच नवी तलवार करून घेतली. साडेसहा हजार पडले. ईएन ४५ ची नवी पट्टी, वजन ९८० ग्रॅम, लोखंडी मूठ, धार नाही. कड दीड मिलिमीटर जाड ठेवून गोल घासलेली, टोकाचा पिपळाही गोल. सरावाला आणि मिरवणुकीला धार लागतच नाही. आखाड्यात लिंबू काढणीला, म्हणजे तलवारीने लिंबू कापून दाखवायला, जी धारेची लागते ती वस्तादांच्या पेटीत कुलपात असते. बाराशेच्या पाच तलवारींऐवजी साडेसहा हजारांची एक घ्या आणि बाकीच्या मुलांना वेताचा गदगा द्या, असं मी प्रत्येक मंडळाला सांगते. गदग्याने हात जास्त लवकर बसतो.

आता पाऊस येतोय. ज्यांच्याकडे कार्बन पोलादाची तलवार आहे त्यांनी ती जून ते सप्टेंबर म्यानात ठेवू नये. म्यानातलं कातडं आणि मखमल ओल धरतात आणि आठवड्याभरात पात्यावर तांबूस ठिपके येतात. पात्याला हात लागला असेल तर आधी कोरडं पुसावं, मग मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल आमच्याकडेही लावायचे, पण ते थंडीत थिजतं आणि कालांतराने चिकट होतं. लाखेची मूठ असेल तर मे महिन्यात गाडीच्या मागच्या काचेखाली तलवार ठेवून जाऊ नये, एवढंच.

कायद्याचं न बोलून चालणार नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या २०१६ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. बोथट आहे म्हणून आपोआप सूट मिळाली असं कुणी समजू नये. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात. कुरियरने मागवलेल्या तलवारी जप्त झाल्याच्या बातम्या आपणच छापल्या आहेत. आम्ही दर वेळी पोलीस ठाण्यात किती तलवारी, कुणाच्या हातात, कुठल्या मार्गाने, याची यादी देऊन लेखी परवानगी घेतो. खरेदीची पावती यादीला जोडतो. त्यात कमीपणा नाही. आणि वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्या पोरांना माझ्या तालमीत जागा नाही.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक तलवारीला एक चिठ्ठी बांधा. पोलाद कोणतं, वजन किती, मूठ कशी जोडली आणि ही फिरवायची आहे का फक्त लावायची, एवढंच त्यावर असावं. शोभेची तलवार विकण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती काय आहे ते न सांगता विकल्यामुळे एका पोराच्या पायाला सहा टाके पडले. तुटलेली मूठ आणि सळई मी जपून ठेवली आहे. कुठल्याही मंडळाने, शाळेने, वर्गाने बोलवावं, मी ती घेऊन येईन आणि दाखवीन.

हलगीवाल्या पोराचे टाके निघाले आहेत, तो परवा येऊन वाजवून गेला. मुलगी अजून तलवारीला हात लावत नाही. लाठी फिरवते, गदगा खेळते, नव्या तलवारीची पाळी आली की मागे सरते. तिच्या कंपासपेटीत आपल्या बातमीचं कात्रण आहे, दोनदा घडी घातलेलं. त्याच्याशेजारी ठेवायला तिला दुसरं एक कात्रण हवं आहे. म्हणून पूर्ण पत्राला जागा नसेल तर निदान हे एक वाक्य छापा : पातं तुटलं, मूठ तिच्या हातातच होती.

आपली वाचक,
मर्दानी खेळ शिकवणारी एक शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर